बिनरेघेचं पत्र

४ जानेवारी

वहिनी,

पोचलो, जिवंत आहे, वेळेवर जेवतोय. तुझे तीन प्रश्न संपले, आता माझं ऐक.

आधीच लिहिणार होतो. पण इथे बसायला जागा मिळाली तर पेन नसतं, आणि पेन मिळालं की साहेब खिडकीची जागा पकडून बसतो. साहेब म्हणजे खरा साहेब नव्हे, आमच्या खोलीतलाच एक. बनियनलासुद्धा इस्त्री करतो म्हणून साहेब. दुसरा घोरतो, त्याला नुसतं घोरणारा म्हणतात.

मधे दोन कामं धरली आणि सोडली. ओरडू नकोस. एक खोकी उचलायचं होतं, एक खोकी मोजायचं. हे तिसरं, दगड घासायचं. ओट्यांना, जिन्यांना, दुकानांच्या काउंटरला लागतात त्या मोठ्या लाद्या इथे येतात. सपाट भाग मशीन घासतं, पण कडा हातानेच कराव्या लागतात आणि त्या आल्यात माझ्या कपाळी. घासायचे सात दगड असतात. एक नंबर सगळ्यात खरखरीत, सात नंबर लोण्यासारखा. पाणी मारत मारत एकामागून एक, क्रमाने. हातभर कड करायला अख्खा दिवस जातो, आणि गंमत बघ, सहा नंबरपर्यंत काही दिसतच नाही. दगड आपला मख्ख. आमचा मिस्त्री म्हातारा आहे. दिवसात चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन "पाणी मार" ही असतात.

मी काही इथे जन्म काढणार नाहीये. सहा महिने फक्त. तेवढ्यात दादाच्या ऑपरेशनचं जमवतो. तू मोठ्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. सोबत एक मशीन पाठवलंय, खांद्याला लावलं की थरथरतं. एकवीस दिवसांत फरक, असं खोक्यावर छापलंय. घोरणाऱ्याच्या मावशीला अठराव्या दिवशीच फरक पडला म्हणे.

दादा पडला त्याला दीड महिना होत आला. बोटं किती हलतात? नीट मोजून लिही, अंगठा धरून.

आणि औषधवाल्या काकांना सांग, पाटीवरची रेघ दुसऱ्या कुणाकडून मारून घेऊ नका. दादा बरा झाला की तोच मारेल. शिडी घसरली, त्याला कोण काय करणार. असो.

भिंगरी


१९ जानेवारी

भिंगरीस,

तुझं पत्र आलं. मशीनही आलं. टेबलावर ठेवून सुरू केलं तर ते चालायलाच लागलं, टेबलाच्या कडेवरून खाली पडलं आणि पडल्यावरही थांबेना. मांजर जे कपाटावर चढलंय ते अजून खाली आलेलं नाही. वर दूध द्यावं लागतं. तुझ्या दादाच्या ओठाचा कोपरा हलला. हसला असं मी म्हणणार नाही, पण हलला.

बोटं मोजू नकोस. व्यायामाच्या बाई येतात त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "घरात कुणी 'कधी' हा शब्द काढायचा नाही." खांद्यातली शीर ताणली गेलीय. ती स्वतःच्या चालीने बरी होते. झाली तर. म्हणून रोज सकाळी मी ओलं फडकं त्याच्या उजव्या हातात देते आणि पिळायला सांगते. पाणी पडत नाही. मग मी ते डाव्या हाताने पिळून फरशी पुसते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा देते. परवा म्हणाला, "लाकडाला काय फडकं देतेस?" मी म्हटलं, "लाकूड तर लाकूड, फडकं वाळत तरी घालता येईल त्यावर." त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

खरं सांगू, तो फारसं बोलतच नाही. खिडकीशी बसतो. वीस वर्षं गावभरच्या पाट्या रंगवलेला माणूस, आता समोरच्या भिंतीवर कुणी "इथे गाड्या लावू नये" असं वेडंवाकडं लिहून गेलंय, तेवढंच बघत बसतो.

औषधवाले काका स्वतःच येऊन गेले. अक्षरं रंगवून तयार आणि वर रेघ नाही, अशी पाटी दुकानावर बघून लोक हसतात त्यांना. छापील बोर्डवाला येऊन म्हणाला, तासाभरात नवा लावतो. काका त्याला म्हणाले, "ज्याची अक्षरं त्याचीच रेघ." तुझा दादा तरी कसला, सगळे आधी रेघ मारून खाली अक्षरं टांगतात, हा आधी अक्षरं काढणार आणि रेघ शेवटी, एका श्वासात. ती मारायलाच चढला होता ना त्या दिवशी.

आणि तू! तुझ्या पत्रात तर एकाही शब्दावर रेघ नाही. बालवाडीतली माझी मुलंसुद्धा रेघ मारतात. तुझं पत्र वाचताना वाटतं, दोरी तुटून वाळत घातलेले कपडे अंगणभर पडलेत. एकेक उचलून ओळखावं लागतं, हा सदरा की पायजमा.

हाताला तेल लावत जा. पाण्यात काम आहे तुझं.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

एकवीस दिवस होऊन गेले! फरक लिहायचं सोडून तू मांजराचं लिहितेस. मशीन खांद्याला लावलं की नाही? की मांजरालाच दिलं?

रेघेचं म्हणशील तर शाळेत मी गेलो किती दिवस? अक्षरं शिकलो ती दादाच्या पाट्यांवर. तो कडा काढायचा, मी आत रंग भरायचो. "हा क, पोट भर त्याचं," म्हणायचा. रेघ कायम त्याचीच. मला कधी मारू दिली नाही, आणि मीही मागितली नाही. शिवाय रेघ मारायला वेळ कुणाला आहे? अर्ध्या वेळात पत्र होतं.

पण वेळ वाचवण्याने इथे माझी फजिती झाली. एका काउंटरची कड करत होतो. चार नंबर झाला आणि म्हटलं, पाच न् सहात असा काय मोठा फरक, हाताला तर दोन्ही सारखेच लागतात. पाच गाळला. सहा मारला, सात मारला, चकाकी आली. मी शीळ घालत होतो. मिस्त्री आला, कडेला हात लावला, डोळे मिटले, आणि लादी उचलून उजेडाकडे तिरकी धरली. आत ओरखडेच ओरखडे. वरून चकाकी आणि आतून मांजराने नखं मारल्यासारखी. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "पाच राहिला." बस. म्हणजे पुन्हा पाच, सहा, सात. दोन दिवसांचं काम पाण्यात.

मी नाही करणार. बंदरावर काम आहे, साहेबाचा मेहुणा लावून देतो म्हणतोय. तिथे निदान उचललं की उचललेलं दिसतं.

तुझ्या पत्राच्या शेवटी, सहीच्या खाली, एक ओरखडा आहे. मुंगीएवढा. पेन चालत नाही का? नवीन पाठवतोय. चांगलं आहे, जपून वापर.

डॉक्टरांची वेळ घेतलीस का, ते लिहिलं नाहीस.

भिंगरी


१ मार्च

भिंगरीस,

पेन मिळालं. आधीचंही चांगलं चालतं. पेनाची काळजी तू करू नकोस.

मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तू नाराज होशील म्हणून चार दिवस लिहायचं टाळलं. त्यांनी हात वर केला, खाली केला, सुया टोचल्या, आणि म्हणाले, "कापण्यासारखं काही नाही. जे करताय तेच करा, रोज." मी विचारलं, ऑपरेशन? ते म्हणाले, "बाई, ऑपरेशनने झालं असतं तर मीच ओढून नेलं असतं." म्हणजे तू ज्यासाठी तिकडे गेलास ते नाहीच. कामासाठी राहिला असशील तर राहा. ऑपरेशनसाठी राहिला असशील तर घरी ये.

घरी आल्यावर तुझ्या दादाने कप फेकला. डाव्या हाताने. मी तुकडे उचलले आणि सकाळी पुन्हा फडकं दिलं. त्याने घेतलं. पिळलं. दोन थेंब पडले, भिंगरी. दोन. मोजू नकोस म्हणाले होते, पण मी मोजले. आम्ही दोघांनी ते बघितले आणि दोघांनीही न बघितल्यासारखं केलं.

एक विचारू? दादा पडल्यावर दहाव्या दिवशी तू गेलास. गाठोडं बांधून दारात उभा होतास, पण आत येऊन त्याला तोंड दाखवलं नाहीस. इथल्या इथे तुला दहा कामं मिळाली असती. इतक्या लांब का गेलास?

बंदरावर जाऊ नकोस. पाच नंबर मारून टाक.

वहिनी


९ एप्रिल

भिंगरीस,

माझ्या पत्राला सव्वा महिना झाला, तुझं उत्तर नाही. जुन्याच पत्त्यावर पाठवतेय. आजारी आहेस का? की मी विचारलं त्याचा राग आला? राग आला असेल तर "राग आला" एवढं तरी लिही. बिनरेघेचं चालेल.

मांजर खाली उतरलं. आता त्या मशीनच्या खोक्यातच झोपतं.

वहिनी


१७ एप्रिल

वहिनी,

आजारी नव्हतो. बंदरावर गेलो होतो. ऑपरेशन नाही कळल्यावर डोकंच फिरलं. ज्याच्यासाठी दिवस ढकलत होतो तेच नाही, मग दगड कशाला घासू? तिथे सगळं उचललं की दिसतं खरं, पण दुसऱ्या दिवशी तिथे तेवढंच पुन्हा येऊन पडलेलं असतं. महिनाभर काढला आणि परत आलो. तुझं पत्र साहेबाने माझ्या उशीत घालून ठेवलं होतं. इस्त्री केलेलं वाटत होतं, विचारलं नाही.

कारखान्यात गेलो तर माझी लादी तिथेच. गोणपाटाखाली, भिंतीला टेकून. मिस्त्रीने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. कुठे होतास, का गेलास, काही नाही. पाच नंबर हातात ठेवला आणि म्हणाला, "पाणी मार." संध्याकाळी हातपाय धुतल्यावर खिशातून तेलाची डबी काढली आणि माझी फुटलेली बोटं धरून एकेक भेगेत तेल भरलं. वहिनी, तो हे पहिल्या दिवसापासून करतोय. मी तुला लिहिलं नव्हतं. मला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय आहे. ह्या वेळी मला रडू आलं, तो म्हणाला झोंबतंय का, मी म्हटलं हो.

तू विचारलंस लांब का गेलास. सांगतो. एका दमात लिहितो, नाहीतर लिहून होणार नाही.

शिडी घसरली नव्हती. मी सोडली.

पाटीवाल्यांत एक नियम असतो. वर माणूस असेपर्यंत खालच्याचा एक पाय शेवटच्या पायरीवर. पाऊस येवो, साप येवो, पाय काढायचा नाही. दादाने मला दहाव्या वर्षी तेच आधी शिकवलं, ब्रश नंतर दिला. त्या दिवशी पाटीची सगळी अक्षरं भरून झाली होती. दादा रेघ मारायला चढला. म्हणाला, "धरलंय ना रे? श्वास घेतोय आता." मी म्हटलं धरलंय. आणि समोरच्या इमारतीत एक फ्रीज दोरीने तिसऱ्या मजल्यावर चढवत होते. मधेच तो गोल गोल फिरायला लागला, खालून लोक ओरडत होते, वरचा शिव्या घालत होता. मला नीट दिसेना म्हणून मी चार पावलं पुढे गेलो. चारच. मागे रंगाचा डबा पडल्याचा आवाज आला.

बाकी तुला माहीत आहे. लोक जमले, दादा खाली पडल्या पडल्या म्हणाला, "शिडी घसरली." हात लुळा पडलाय, तोंड पांढरं पडलंय, आणि हा माणूस आधी ते म्हणाला. माझ्याकडे बघून. नंतरही कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही, हे तुझ्या पत्रांवरून कळतं. त्याने एक शिवी दिली असती तर मी घरी राहिलो असतो. दहा दिवस त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. मग वाटलं, हात परत मिळवून देतो आणि मगच तोंड दाखवतो. मशीनने, ऑपरेशनने, कशानेही, पण एकदम. आता एकदम काही होत नाही असं कळलंय.

हे पत्र दादाला दाखव नाहीतर चुलीत घाल. तू म्हणशील तसं.

भिंगरी


२ मे

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दादाला दिलं. त्याने खिडकीशी बसून वाचलं, घडी घातली, उशीखाली ठेवलं. काही बोलला नाही.

मी बोलते. मला राग आलाय. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा ह्या घरात आले. पोटच्या पोरासारखा वाढवला असं म्हणायची माझी पद्धत नाही, पण तुझे दात पडले ते मी पाहिलेत आणि आले तेही. तू मला सांगायला हवं होतंस. पाच महिने मी त्या शिडीला शिव्या घातल्या. सुताराला बोलावून तिचे पाय तासून घेतले, पुन्हा घसरायला नको म्हणून. सुतार म्हणत होता, बाई शिडी ठीक आहे. मी त्यालाही बोलले.

आज एवढंच. तब्येतीला जप, हे सवयीने लिहितेय.

वहिनी


२० मे

वहिनी,

रागाचं पत्र मी खिशात घेऊन फिरतोय. बरोबर आहे ते. सुताराची माझ्यातर्फे माफी माग.

एक गोष्ट दिसली. ह्या पत्राच्या खाली रेघ नाही.

आधीची तिन्ही काढली आणि कॉटवर ओळीने मांडली. जानेवारीतली मुंगीएवढी. मार्चमधली काडीएवढी, मधे तुटलेली, थरथरलेली. एप्रिलमधली माझ्या बोटाएवढी, डावीकडे जाड, उजवीकडे बारीक होत गेलेली. अशी बारीक होत जाणारी रेघ मी दहा वर्षं खाली उभं राहून बघितलीय. ती पेनाची नव्हती ना? दादाची होती. आणि मी शहाणा, पेन पाठवत बसलो.

आणि आता नाही. म्हणजे माझं पत्र वाचून त्याने ते सोडलं. एकदा शिडी सोडून हात घालवला, दुसऱ्यांदा पत्र लिहून. मला लिहायलाच नको होतं का? नाही, तू उत्तर देऊ नकोस. तुला राग आलाय तो तसाच राहू दे, मी मागे लागणार नाही. मी दर रविवारी लिहीन. वाच किंवा ठेवून दे.

इथलं सांगतो. मिस्त्रीला दिसत नाही, वहिनी. म्हणजे जवळजवळ नाहीच. म्हणून तो बोटांनी बघतो, लादी उजेडात धरतो ती आम्हाला दिसावी म्हणून. मालकाला ठाऊक नाही, आम्हाला सगळ्यांना आता ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. त्याच्या लेकीची पत्रं येतात. तीन महिन्यांची साठली होती, परवा माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, "मिस्त्री, मला वाचायला वेळ लागतो, मी अडखळतो." म्हणाला, "अडखळ की. मला कुठे जायचंय?" आता रोज जेवणानंतर एक पान वाचतो. काल त्याच्या नातीने रांगायला सुरुवात केली. म्हणजे फेब्रुवारीत केली, पण आमच्याकडे काल.

भिंगरी


१६ जून

वहिनी,

हे पाचवं पत्र आहे. उत्तर नको, असं मी लिहिलं होतं तरी पोस्टमन दिसला की पाय उचलतोच.

लादीचा पाच नंबर झाला. दिवसभर दुसरी कामं असतात, ही सुटी झाल्यावर रोज चार बोटं करतो, म्हणून एवढे दिवस लागले. ह्या वेळी घाई केली नाही. सहा चालू आहे. अजून काही दिसत नाही, पण बोटांना कळायला लागलंय. डोळे मिटून हात फिरवला तर पाच नंबरची जागा आणि सहा नंबरची जागा वेगळी लागते. मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, "हं." त्याच्यासाठी हे भाषण झालं.

फडक्यातून थेंब पडतात का, एवढं विचारणार होतो. खोडलं. वाचू नकोस.

भिंगरी


८ जुलै

भिंगरीस,

सोबत तुझं एक पत्र परत पाठवतेय. सतरा एप्रिलचं. रागाने पाठवलंय असं वाटून घेऊ नकोस, आधी उघडून उजेडात धर.

बघितलंस? प्रत्येक शब्दावर रेघ आहे.

आता सांगते. जानेवारीपासूनच तो पेन्सिल धरत होता. धरत म्हणजे मी फडक्याने हाताला बांधायचे. माझ्या पत्राच्या खाली जेवढी ओढली जाईल तेवढी. मला म्हणाला, "भिंगरीला सांगू नकोस. रोज विचारेल, किती इंच झाली?" म्हणून मी पेनाचं घेतलं अंगावर.

तुझं ते पत्र आलं त्या रात्री उशीखाली गेलं आणि सकाळी त्याने स्वतः मागितलं. "पेन्सिल बांध." मला वाटलं उत्तर लिहितोय. तर "वहिनी" ह्या पहिल्या शब्दावर त्याने एक रेघ मारली. नुसती ती मारायला त्याला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. मग पत्र मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुसरा शब्द, मग रोज दोन-चार, पुढे ओळच्या ओळ. "शिडी घसरली नव्हती" पाशी आला तेव्हा चार दिवस तिथेच थांबला होता. मी रोज पेन्सिल बांधून द्यायचे. पाचव्या दिवशी "मी" वर मारली, आणि मग "सोडली" वर. म्हणून माझ्या दोन मेच्या पत्राखाली काही नव्हतं. त्याच्या रेघा तिकडे खर्च होत होत्या. आणि मी तुला ते कळवलं नाही, कारण मला राग होता. तू मे महिन्यात कॉटवर पत्रं मांडून बसलास ते वाचलं तेव्हाही नाही कळवलं. ती माझी चूक. आता आपण दोघं चुकलेले.

पहिलं पान बघ, मुंग्या चालल्यासारखं आहे. तिसऱ्या पानावर पेन्सिल बांधायची गरज उरली नव्हती. काल शेवटचा शब्द झाला, तुझं नाव. त्याने पान लांब धरलं, तिरकं केलं, पाटी बघतो तसं. म्हणाला, "आता वाचता येतंय. पाठव त्याला."

मग मी विचारलं, तुला माहीत होतं ना, त्याने पाय काढलाय ते? म्हणाला, "माहीत होतं. फ्रीज फिरायला लागला तेव्हा मीही मान वळवली होती." खरं असेल किंवा तुझ्यासाठी बोलला असेल. मी पुढे विचारलं नाही.

हात पूर्वीसारखा झालेला नाही. बाई म्हणतात, पूर्वीसारखा होईलच असं नाही. खांद्याच्या वर जायला अजून कुरकुरतो, जड ब्रश धरला की थरथरतो. पण परवा काकांच्या दुकानापुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, रेघ मारून टाकू. काका म्हणाले, "वाकडी आली तर?" तो म्हणाला, "येईलच." काका म्हणाले, "येऊ दे मग."

आता अडचण अशी की शिडीला माणूस हवा. सुतार तयार आहे, काका तयार आहेत, मीही म्हटलं मी धरते. तो नाही म्हणतो. म्हणतो, "पाय ठेवणारा माझा ठरलेला आहे. तो आला की चढेन."

माझा राग अजून थोडा शिल्लक आहे. तू आलास की रोज थोडा थोडा काढीन. भांडी तू घासायचीस. दगडावर एवढी तयारी झालीच आहे.

वहिनी


२६ जुलै

वहिनी आणि दादा,

पत्र पंधरा दिवसांपूर्वीच आलं. ते उजेडात धरलं आणि नंतर बराच वेळ खाली ठेवता आलं नाही. साहेब विचारत होता काय झालं, मी त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं नाही, फक्त रेघा बघितल्या आणि म्हणाला, "ह्याला इस्त्री करायची नाही."

लगेच निघणार होतो, गाठोडंही बांधलं. मग लादी आठवली. सात नंबर राहिला होता. पूर्वीचा मी असतो तर तसाच पळालो असतो, आणि तुम्हाला वाटलं असतं, पोरगं किती मायाळू. थांबलो. काल सात झाला. मिस्त्रीने डोळे मिटून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. मी श्वास धरला होता. म्हणाला, "जा आता घरी." मग तेलाची डबी माझ्या खिशात घातली. मी म्हटलं, मिस्त्री, तुमची पत्रं कोण वाचणार? म्हणाला, "घोरणाऱ्याला येतं वाचायला, झोपला नाही तर." घोरणाऱ्याकडून मी वचन घेतलंय, रोज एक पान.

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. बघ, प्रत्येक शब्दावर रेघ मारलीय. आधी अक्षरं, मग रेघ, दादाच्या पद्धतीने. पहिल्या पानावर वाकड्या आहेत. हसू नका.

शुक्रवारी सकाळी पोचतो. घरी न येता थेट काकांच्या दुकानाशी येतो. शिडी तिथे लावून ठेवा. दादा, तू सावकाश चढ, पाहिजे तेवढे श्वास घे, एका श्वासात नाही झाली तर दहात मार, अर्धी आज मार आणि अर्धी उद्या. समोर हत्ती जरी दोरीने वर चढवत असले तरी मी खालीच उभा आहे.

भिंगरी